एक पूर्णांक आठ दशांश

जगात अशी एकही वस्तू नव्हती, जिचं माझ्या वहिनीचे वडील दुसऱ्या कशात तरी रूपांतर करू शकत नसत. त्यांना लाडू वाढला की ते आधी त्याच्या कॅलरी करत, कॅलरींचे फूट-पौंड करत, फूट-पौंडांच्या पायऱ्या करत आणि शेवटी लाडू तोंडात टाकता टाकता सांगत, "हा एक लाडू म्हणजे मुलुंडच्या मागची टेकडी एकदा चढून जाणं. उतरणं फुकट." पंगतीत त्यांच्या शेजारच्या पाटावर बसलेल्या माणसानं दुसरा लाडू घेतल्याचं मी कधी पाहिलं नाही. ते घाटकोपरच्या एका रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर देखरेखीला होते आणि राहायला मुलुंडला. वहिनी त्यांना अण्णा म्हणायची म्हणून आम्हीही सगळे अण्णाच म्हणायचो. अंगानं हाडकुळे, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा, आणि कोटाच्या आतल्या खिशात एक काळ्या पुठ्ठ्याची वही. या वहीत वाफेचा दाब, कोळशाची उष्णता, यंत्रांची घोड्यांत मोजलेली ताकद यांचे तक्ते मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेले होते. कशाचे किती केले की कशाचे किती होतात, हे या वहीत सापडलं नाही तर ती गोष्ट मुळात अस्तित्वातच नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

माझ्या थोरल्या भावाला जावई करून घ्यायचं की नाही, हे ठरवायला ते आमच्या सांताक्रूझच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी भावाला वजन विचारलं. मग खिशातलं घड्याळ काढलं आणि म्हणाले, "जरा वरच्या मजल्यापर्यंत पळत जाऊन दाखवता का?" वडिलांना वाटलं, मुलाची छाती तपासताहेत. आईला वाटलं, डोक्यात फरक आहे. भाऊ बिचारा नवं धोतर सावरत पळाला. अण्णांनी घड्याळ बघितलं, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, वहीत आकडेमोड केली आणि वडिलांना म्हणाले, "अर्ध्या घोड्याला थोडा कमी. पण माणूस जन्मभर चालवायचा म्हटलं तर त्याच्या निम्मासुद्धा पुष्कळ आहे. माझ्याकडून पसंती." आई आठ दिवस धुमसत होती. वहिनी मात्र घरात आल्यावर भाऊ कधी बाजारातून पिशव्या घेऊन दमून आला की पदराआड हसायची.

आमच्या आत्यानं एकदा त्यांना सहज विचारलं, "अण्णा, हल्ली हवा जड वाटते, नाही?" झालं. अण्णांनी तिला समजावून सांगितलं, की हवा कायमच जड असते. अंगाच्या प्रत्येक चौरस इंचावर पावणेपंधरा पौंड. नुसत्या टाळूवर म्हटलं तरी सव्वीस मण. आत्या घाबरून डोक्याला हात लावून बसली. अण्णांना दया आली. ते म्हणाले, "हे मुंबई मण झाले हो. बंगाली मणात धरलं तर नऊच भरतील." आत्या म्हणाली, "मग नऊच धरा. एवढा उपकार करा." तरी ती पुढे आठवडाभर मान धरून हिंडत होती.

पुढे सरकारनं जुनी मापं मोडीत काढून दशमान मापं आणायचं ठरवलं, तेव्हा सगळ्या देशात मनापासून आनंद झालेला माणूस एकच असावा. इतकी वर्षं ज्याची कोणी कदर केली नव्हती, ते अण्णांचं शास्त्र एकदम सरकारी झालं. कारखान्यात बॉयलरवर परदेशी बनावटीचं नवं गेज बसलं. जुनं गेज चौरस इंचाला पौंड दाखवायचं, नवं चौरस सेंटिमीटरला किलो. अण्णांनी बॉयलर-घराच्या भिंतीवर खडूनं हातभर अक्षरात लिहिलं, एकाचे सव्वाचौदा. पण भिंत वाचायची कोणी? पहिल्याच दिवशी कोळसा घालणारा सखाराम धावत त्यांच्याकडे आला. "अण्णानू, वाफ बसली! काटो सातार इलो हा. कोळसो घालतंय." आयुष्यभर शंभरावर काटा बघितलेला माणूस, सातावर बघून त्याचं काळीज फाटलं असणार. अण्णांनी त्याच्या हातातलं फावडं हिसकावून घेतलं. "अरे गाढवा, हे सात म्हणजेच ते शंभर! आणखी चढवशील तर तू, मी आणि हे छप्पर, तिघंही ठाण्याला जाऊन पडू." ही गोष्ट त्यांनी आम्हाला निदान वीस वेळा सांगितली असेल. प्रत्येक वेळी शेवटी ते एक बोट वर करून म्हणत, "यंत्र खोटं बोलत नाही. माणूस एका मापाचा आकडा दुसऱ्या मापात वाचतो आणि मरतो."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण अण्णांचा एक छंद असा होता, की तो निघाला की आमच्या घरातल्या बायका मुलांना आत बोलावून घेत. अण्णा माणसांचं रूपांतर करत. त्यांच्या हिशेबानं स्वस्थ बसलेला माणूस म्हणजे जवळजवळ शंभर वॅटचा दिवा, फक्त उजेड पडत नाही एवढंच. ते तुमच्याजवळ येऊन नुसते उभे राहिले तरी गालावर, मनगटावर त्यांना तुमची आच लागायची. माझ्या वडिलांना एकदा ते गॅलरीत म्हणाले, "व्याही, आज तुम्ही पंधरा वॅट जास्त आहात. दुपारी पडून राहा." संध्याकाळी वडिलांना सणकून ताप भरला. रिकाम्या खोलीत शिरून ते सांगत, "आत्ताच इथून तिघं उठून गेले, आणि एक जण त्या कोपऱ्यात बराच वेळ बसला होता." तसंच असायचं. त्या कोपऱ्यात मग आमची आजी दोन-दोन दिवस बसायला तयार नसायची.

आमच्या शेजारचे एक गृहस्थ वारले त्या सकाळी योगायोगानं अण्णा आमच्याकडे होते. पहाटे पाचला गेले, असं त्या घरची मंडळी सांगत होती. अण्णा दर्शनाला गेले, वाकले, त्यांनी मृताच्या कपाळावर पालथा हात ठेवला आणि तसेच बराच वेळ उभे राहिले. मग मृताच्या बायकोकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, हे तर रात्रीच्या जेवणाआधी गेलेत." सगळे चपापले. ती बाई आतापर्यंत रडली नव्हती. ती खाली बसली आणि म्हणाली, "पोरं जेवायची होती हो. एकदा रडारड झाली असती तर कोण जेवलं असतं? म्हटलं, सकाळी सांगू." ती रात्रभर त्यांच्या शेजारी पंख्यानं वारा घालत बसली होती. परत येताना मी अण्णांपासून हातभर लांबून चालत होतो. मला तेव्हापासून त्यांच्या हाताची भीती वाटायची.

मुलुंडच्या त्यांच्या घरात दोन खोल्यांच्या मधे धान्याची एक कोठी होती. खिडकी नाही, झरोका नाही, जेमतेम दोन माणसं बसतील एवढी. ही अण्णांची प्रयोगशाळा. त्यांनी तिच्यात वेगवेगळ्या वॅटचे दिवे अर्धा अर्धा तास लावून, दार बंद करून, कोठी एक अंश तापायला किती उष्णता लागते ते वहीत मांडून ठेवलं होतं. त्यामुळे आत कोणीही अर्धा तास बसलं आणि पारा किती चढला ते बघितलं, की त्या माणसाचे वॅट निघत. अण्णा स्वतः बसले आणि त्यांनी स्वतःला 'एक' धरलं. मग त्यांनी बायकोला बसवलं. ती वाल सोलायचं टोपलं घेऊन आत गेली, अंधारातच सगळे वाल सोलले आणि अर्ध्या तासानं बिरडं घेऊन बाहेर आली. अण्णांनी हिशेब करून सांगितलं, "मी एक, तू आठ दशांश." तिनं विचारलं, "म्हणजे मी कमी का?" अण्णा म्हणाले, "कमी नाही गं, बारीक." मग खात्री करायला दोघं एकदम बसले. एक पूर्णांक आठ दशांश. हे सगळं मला वहिनीनं सांगितलं. सांगताना तिला हसू आवरायचं नाही, कारण त्या दिवशी दोघं अर्ध्या तासानंतरही बराच वेळ बाहेर आले नव्हते.

मग एका सकाळी डोकं दुखतंय म्हणून वहिनीची आई आडवी झाली ती उठलीच नाही. सगळे जमले. आम्ही पोचलो तेव्हा अण्णा दाराला टेकून उभे होते. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला नाही. कोणीतरी म्हणालं, "अण्णा, जवळ या." तर त्यांनी दोन्ही हात मागे घेऊन एकात एक घट्ट धरले. माझ्या एकट्याच्याच लक्षात आलं असावं की ते का हात लावत नाहीत.

नेमका तोच कारखान्यात मापं बदलण्याचा काळ होता. सुतकाच्या दिवसांत अण्णांनी कोणाशी बोलणं टाळलं आणि बसल्या बसल्या सगळी वही नव्या मापांत उतरवून काढली. पौंडांचे किलो झाले, घोड्यांचे किलोवॅट झाले, जुन्या अंशांचे नवे अंश झाले. काम पुरं झाल्यावर जुनी वही त्यांनी बंबात घातली. आम्हाला वाटलं, माणूस सावरतोय. तीनचार महिन्यांनी वहिनी माहेरी जाऊन आली ती पांढरीफटक पडली होती. आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात अण्णा तिला जेवताना म्हणाले होते, "तुझी आई आहे बरं का कोठीत."

त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. मी आत एकटा बसतो. अर्ध्या तासानं पारा बघतो. वहीप्रमाणे हिशेब करतो. उत्तर एक यायला हवं. एक पूर्णांक आठ येतं. रोज येतं. कमी नाही, जास्त नाही. "भूत म्हणून कोणी पांढरं लुगडं दाखवलं असतं तर मी हाकलून दिला असता," ते म्हणाले. "पण आठ दशांश म्हणजे तीच. दुसरी कोण?" वहिनीनं कोठीच्या दाराकडे बघितलं. उंबऱ्याच्या आत पाटावर भिजवलेल्या वालांचं टोपलं ठेवलेलं होतं. अण्णा ते रोज सकाळी आत ठेवत आणि दिवेलागणीच्या आधी बाहेर काढत. वाल तसेच सालीसकट असायचे. ते टोपलं हलवून बघायचे आणि म्हणायचे, "आजही नाही सोलले. अजून हातात ताकद आली नसेल." वहिनीनं ते वाल आणून आमच्याकडे केले, पण आमच्या घरात कोणी त्यांना हात लावला नाही.

हळूहळू अण्णा दिवसातून तीन-तीनदा कोठीत बसायला लागले. कारखान्यातून आले की कोठी, जेवले की कोठी. ऐन उन्हाळ्यात एकदा ते आत बेशुद्ध पडले आणि शेजाऱ्यांनी दार ढकलून त्यांना बाहेर काढलं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "दार किती वाजता उघडलंत? माझा हिशेब गेला." वहिनीला तेव्हा सातवा महिना होता. तिनं अण्णांना सांताक्रूझला चला म्हणून विनवलं, रडली, शेवटी भांडली. त्यांचं एकच उत्तर. "तिला एकटी टाकून येऊ? चाळीस वर्षांत ती मला सोडून एक रात्र राहिली नाही. हिशेबात चूक दाखव, आत्ता ट्रंक भरतो."

म्हणून वहिनीनं मला गाठलं. मी तेव्हा फिजिक्स घेऊन बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि ते जगाला दिसेल अशा बेतानं चालत होतो. "भाऊजी, तुम्ही एकदा बसा आत. चूक असणारच. तेवढी काढून द्या. नाहीतर त्या कोठीत एक दिवस अण्णापण..." मी मोठ्या ऐटीत हो म्हणालो.

आम्ही मुलुंडला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. त्या वेळी मुलुंडात अशी सामसूम असायची, की आंब्याचं पान गळलेलं ऐकू यावं. अण्णा आमची वाटच बघत होते. चाचणी होणार म्हणून त्यांना आनंद झालेला दिसत होता. खूप वाळले होते. त्यांनी मला वही दिली, टॉर्च दिला आणि सूचना दिल्या. "हलायचं नाही. बोलायचं नाही, बोललं की उष्णता वाढते."

"आणि विचार केला तर?" मी विचारलं.

"विचारानं फारसा फरक पडत नाही. तुझ्या बाबतीत तर मुळीच नाही." मग दार लावता लावता ते आत डोकावून हळू आवाजात म्हणाले, आणि ते मला उद्देशून नव्हतं, "आपल्या मुलीचा दीर आहे. घाबरू नकोस."

दार लागलं. आत जुन्या तांदळाचा आणि हिंगाचा वास होता. डोळे उघडे काय नि मिटलेले काय, सारखंच. मी पाठ टेकून पाटावर बसलो. उजवीकडे माझ्या गुडघ्याला वालांचं टोपलं लागत होतं. पहिली दहा मिनिटं मी मनातल्या मनात माझ्या मित्रांना ही गोष्ट कशी रंगवून सांगायची ते ठरवत होतो. मग हळूहळू मला माझ्या डाव्या गालावर ऊब जाणवायला लागली. फक्त डाव्या. आगगाडीत शेजारी कोणी झोपलेलं असावं तशी, धीमी, अंगाची ऊब. डावीकडे भिंत असणार, भिंतीपलीकडे चूल असणार, असं मी स्वतःला सांगितलं. हात लांब करून भिंत चाचपली. ती गार होती. मी हात पटकन मांडीवर घेतला आणि त्यानंतर काही हललो नाही, अण्णांनी सांगितलं होतं म्हणून नव्हे.

बाहेरून अण्णांनी टकटक केलं तेव्हा मी टॉर्च लावून पारा बघितला. बसताना बघितलेला आकडा वहीच्या कडेला लिहून ठेवला होता. वजाबाकी केली, वहीतल्या तक्त्यानं गुणलं, अण्णांच्या 'एका'नं भागलं. उत्तर आलं एक पूर्णांक आठ. टॉर्च माझ्या हातातून पडला. मी आणि अण्णा दोघंही सारखेच हाडकुळे, त्यामुळे माझा एक. मग हे आठ दशांश माझ्या शेजारी बसलेले होते. टॉर्च उचलायला मी वाकलो नाही, पायानंच जवळ ओढला. खरं सांगायचं तर त्या क्षणी बी. एस्सी. वगैरे सगळं सुटलं होतं, तोंडातून फक्त रामरक्षा यायची बाकी होती.

टॉर्चचा उजेड वर गेला तो थर्मामीटरवर पडला आणि मी बघतच राहिलो. पारा ब्याण्णववर होता. मघाशी वजाबाकीच्या नादात मी तो आकडा नुसता उतरवून घेतला होता. नव्या अंशांत ब्याण्णव म्हणजे मी केव्हाच शिजून निघालो असतो. थर्मामीटरच्या लाकडी पट्टीच्या डोक्यावर कुंकवाचा जाड थर बसला होता. वहिनीची आई दर खंडेनवमीला घरातल्या विळी, अडकित्त्याबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहायची. मी नखानं थर खरवडला. खाली जुन्या अंशाचं, म्हणजे फॅरनहाइटचं अक्षर निघालं. वही नव्या अंशांत, थर्मामीटर जुन्या. जुना अंश लहान, नऊ जुने मिळून पाच नवे होतात. अण्णा जुने अंश मोजत होते आणि नव्या अंशांच्या भावानं गुणत होते, त्यामुळे ते किंवा मी, कोणीही आत बसलं तरी उत्तर एकाऐवजी एक पूर्णांक आठच येणार होतं. नवानं भागून पाचानं गुणलं. एक. फक्त मी. सखारामच्या हातातलं फावडं हिसकावणाऱ्या माणसानं हीच चूक केली होती. पण पंचवीस वर्षं भिंतीवर टांगलेल्या वस्तूकडे माणूस बघतो कुठे? आणि त्यांनी तो तक्ता कोणत्या दिवसांत उतरवला होता, ते मला ठाऊक होतं.

मी बाहेर आलो. वहिनी उभीच होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मला तिथल्या तिथे सांगून मोकळं व्हावंसं वाटलं. अण्णा खुर्चीच्या कडेला बसले होते. त्यांच्या शेजारी तिपाईवर चहाचे कप भरून ठेवलेले होते. मी मोजले. आम्ही तिघं होतो आणि कप चार होते.

"किती?" अण्णांनी विचारलं.

'एक' हा शब्द माझ्या जिभेवर होता. तो चौथा कप दिसला नसता तर मी तो बोललोही असतो. मी वहिनीकडे न बघता म्हणालो, "एक पूर्णांक आठ."

वहिनीनं मान खाली घातली. अण्णांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, भलं केलंस रे बाबा, वहिनीचं काय ते नंतर बघू. मग तो उजेड जागच्या जागी थांबला.

"नीट बघितलंस?"

"हो अण्णा."

"एक पूर्णांक आठ? तुझ्याबरोबर?"

"हो ना. त्या आहेत आत. बाजूलाच बसल्यासारखं वाटलं."

अण्णांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "धाकट्या, तू इतक्या वेळा इथे आलास. तिचं तोंड कधी पाहिलंस?"

मी आठवून बघितलं. दाराच्या फटीतून चहाचा कप पुढे करणारा बांगड्यांचा हात मला आठवत होता. लग्नातही डोक्यावरून पदर इतका पुढे ओढलेला, की हनुवटीच तेवढी दिसावी. गेली त्या दिवशी गर्दीत मी दारातच थांबलो होतो.

"नाही," मी म्हणालो.

"व्याह्यांकडचा पुरुष माणूस आला की ती स्वयंपाकघराबाहेर यायची नाही. मी किती वेळा म्हटलं, अगं पोरगा आहे तो, कॉलेजात जातो. तर म्हणायची, असू दे, मला नाही जमत." अण्णा उठले. "ती तुझ्या शेजारी बंद खोलीत अर्धा तास बसली?"

ते कोठीत गेले आणि थर्मामीटर खिळ्यावरून काढून बाहेर उजेडात घेऊन आले. मी खरवडलेल्या कुंकवाकडे त्यांनी बघितलं, मग माझ्या नखाकडे बघितलं. उपरण्याच्या टोकानं उरलेलं कुंकू पुसलं. चष्मा कपाळावर चढवून पट्टी डोळ्यांजवळ नेली. "पाच नवमांश," ते म्हणाले. दुसरं काही नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात गरम होता, इतर कोणाच्याही हातासारखा. मग ते वहिनीला म्हणाले, "पोरी, ट्रंक काढ."

अण्णा सांताक्रूझला आमच्याकडे राहिले, नातीला खेळवत, पुष्कळ वर्षं. तब्येत सुधारली, आईशीही त्यांचं जमलं. वहिनी मला आजही दुवा देते, भाऊजींनी चूक काढली म्हणून अण्णा वाचले, असं सगळ्यांना सांगते. पण त्या दिवसानंतर त्यांनी पुन्हा कशाचं काही केलं नाही. वही मुलुंडलाच राहिली. गॅलरीवरून विमान गेलं की पोरं विचारत, "अण्णा, हे किती घोड्यांचं?" ते वर बघून म्हणत, "मोठं आहे." दुपारी तीनच्या सुमाराला मात्र ते खुर्ची भिंतीला लावून अर्धा तास डोळे मिटून बसत आणि आपल्या डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडत. तिथे कोणी जाऊन बसलं तर डोळे उघडून बघत आणि पुन्हा मिटून घेत.

मी त्यांना खोटं सांगितलं ते त्यांची बायको त्यांच्याकडे राहावी म्हणून. पुढे कित्येक दुपारी त्यांच्यासमोरून चोरट्यासारखं जाताना मला कळलं, की त्या दिवशी मी नुसतं खरं बोलायला हवं होतं. माझं खरं उत्तर एकच होतं. अण्णा, एकच आलं, असं मी म्हणालो असतो, तर ते हसले असते आणि म्हणाले असते, "येणारच. तुझ्यासमोर ती कशी बसेल?" आणि कोठीचं दार लोटून घेऊन तिच्याजवळ जाऊन बसले असते.